पिशवीचे पैसे कुणी द्यायचे?

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. थोरल्या जाऊबाई आणि मी तालुक्याच्या गावी खरेदीला गेलो होतो. मुलांचे कपडे, सासूबाईंना एक नऊवारी, घरातल्या पुरुषांना टॉवेल-बनियन, एवढाच बाजार होता. स्टँडजवळ काचेच्या दाराचे एक मोठे दुकान नव्याने निघाले आहे, तिथे शिरलो. दारातल्या रखवालदाराने जाऊबाईंच्या हातातली कापडी पिशवी मागून घेतली, फळीवर ठेवली आणि नंबराचा बिल्ला त्यांच्या हातात दिला. "आत पिशवी न्यायची नाही मावशी, जाताना घ्या," एवढे बोलून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

खरेदी झाली. पैसे द्यायला रांगेत उभ्या राहिलो. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करताच विचारले, "पिशवी देऊ?"

"दे की. एवढं हातात कसं न्यायचं?" जाऊबाई म्हणाल्या.

पैसे दिले. बिल हातात आले. मी ते वाचले, तर शेवटच्या ओळीत पिशवीचे दहा रुपये लावलेले.

"पिशवीचे पैसे?" जाऊबाई काउंटरकडे वळल्या. "अगं पोरी, मग आधी सांगायचं न्हाई का? माझी पिशवी तुमच्याच माणसानं दारात ठिवून घेतलीया."

मुलगी गोंधळली. "बिल निघालं मावशी, आता मागं घेता येत नाही. सगळीकडं असंच आहे." मागे रांगेत कुणीतरी पुटपुटले, "दहा रुपयांसाठी किती वेळ!" आम्ही निमूटपणे बाहेर पडलो. दारात बिल्ला देऊन घरची पिशवी परत घेतली. एका हातात विकतची भरलेली पिशवी आणि दुसऱ्या हातात घरची रिकामी पिशवी. विकतच्या पिशवीवर दोन्ही अंगांनी दुकानाचे नाव हातभर अक्षरांत छापलेले. एसटीत बसल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "दहा रुपये दिले ते दिले, वर त्यांची जाहिरातही आपणच गावभर मिरवायची."

चार दिवसांनी मंगळवारचा बाजार होता. जाऊबाई मेथी, कोथिंबीर आणि वांगी घेऊन नेहमीच्या जागी बसल्या होत्या. मीही मदतीला होते. मोटारसायकलवरून एक जण आला. मेथीच्या दोन जुड्या उचलल्या आणि म्हणाला, "पिशवी द्या मावशी."

"पिशवी न्हाई दादा, घरनं आणायची."

"मग राहू द्या. पलीकडं देतात." जुड्या तशाच टाकून तो पलीकडे गेला. त्याच्या मागून आलेल्या बाईला जाऊबाईंनी पोत्याखालून पातळ पिशवी काढून दिली, न मागता. करणार काय? दिवसभर उन्हात बसून माल घरी परत न्यायचा का?

संध्याकाळी परतताना त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दुकानदारानं पिशवीचे पैसे घेतले तर आपल्याला राग आला. आणि हितं माणसं फुकट मागत्यात, तर आपण गुमान देतो. ह्यातला न्याय कुठला गं?"

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता हा लेख झाला.

फुकट पिशवी फुकट नसते

आपल्यापैकी ज्यांचे केस पिकू लागले आहेत, त्यांना तो काळ आठवत असेल. बाजाराची पिशवी खुंटीला टांगलेली असायची. जुन्या धोतराची, विजारीच्या कापडाची, कुणाची वायरची विणलेली. वाणी साखर-चहा रद्दीच्या पुडीत बांधून दोऱ्याचा फेर मारून द्यायचा. गोडेतेलाला घरून बरणी न्यावी लागे. मटण पळसाच्या पानात मिळे. पिशवी विसरून बाजारात गेलेला माणूस धोतराच्या सोग्यात कांदे बांधून घरी येई आणि घरच्यांची बोलणी खाई.

मग गेल्या तीस-चाळीस वर्षांत पातळ प्लॅस्टिकची पिशवी आली. ही पिशवी मूळची स्वीडन देशातली. तिथल्या सेलोप्लास्ट नावाच्या कंपनीत स्टेन गुस्ताफ थुलिन या इंजिनिअरने तिचा नमुना बसवला, आणि १९६५ साली अमेरिकेत तिचे पेटंट मिळाले. कागदी पिशव्यांसाठी झाडे तुटतात, ती वाचावीत हा थुलिन यांचा हेतू होता आणि ते स्वतः अशी एक पिशवी घडी करून खिशात बाळगत, असे त्यांच्या मुलाने पुढे सांगितले आहे. म्हणजे ज्याने ती केली, त्याने ती पुन्हा पुन्हा वापरण्यासाठी केली. एकदा वापरून उकिरड्यावर फेकण्याची रीत आपण सगळ्यांनी मिळून पाडली.

ही रीत पडली कशी? पिशवी फुकट मिळू लागली म्हणून. पण ती खरोखर फुकट होती का? दुकानदार पिशव्या किलोवर विकत आणतो. तो पैसा घरून घालत नाही. डाळ-तांदळाच्या भावात तो थोडा थोडा मिसळलेला असतो. म्हणजे जी बाई घरून पिशवी नेते, तीही दुसऱ्यांच्या पिशव्यांचे पैसे भरत असते. जो रोज चार पिशव्या मागून घेतो आणि जो एकही घेत नाही, दोघांना भाव एकच.

दुकानदाराला निदान भावात मिसळता तरी येते. आपल्या पाटीवर तेही जमत नाही, कारण भाजीचा भाव बाजार ठरवतो. समजा एक पिशवी आठ आण्यांना पडते आणि बाजारात साठ गिऱ्हाइके आली, तर त्या दिवशी तीस रुपये गेले. वर्षाचे बावन्न बाजार धरले तर झाले १,५६० रुपये. जाऊबाईंनी हा हिशेब ऐकला आणि म्हणाल्या, "एवढ्यात पोरीची वर्षाची पुस्तकं आली असती."

तेव्हा पहिली गोष्ट मान्य करायला हवी. ज्याने पिशवी घेतली त्याने तिचे पैसे द्यावेत, हे तत्त्व म्हणून अन्यायाचे नाही. उलट, जो घेत नाही त्याच्यावरचे ओझे त्याने उतरते. मग दुकानात आम्हांला राग का आला? त्याचे कारण पुढे येईल. आधी हा प्रयोग जिथे नीट झाला तिथली हकिकत सांगते.

आयर्लंडमधला पंधरा सेंटांचा धडा

युरोपात आयर्लंड नावाचा लहान देश आहे. २००२ साली त्याची लोकसंख्या सुमारे ३९ लाख होती, आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढी. शेती आणि गुरेढोरे हा तिथल्या खेड्यांचा आधार. कुंपणांवर, झाडांवर, ओढ्याकाठी प्लॅस्टिकच्या पिशव्या लटकू लागल्या, तेव्हा सरकारने ४ मार्च २००२ पासून प्रत्येक पिशवीवर १५ सेंट कर बसवला. तेव्हाच्या भावाने सहा-सात रुपये. दुकानदाराने तो स्वतःच्या खिशातून भरायचा नाही, गिऱ्हाइकाकडूनच घ्यायचा आणि बिलावर वेगळा दाखवायचा, असा दंडक होता.

त्याआधी दर माणशी वर्षाला ३२८ पिशव्या लागत, असा सरकारी अंदाज होता. कर बसल्यावर तो आकडा २१ वर आला. पुढे वापर पुन्हा हळूहळू वाढू लागला, तेव्हा जुलै २००७ पासून कर २२ सेंट केला.

आता पाहा, सहा-सात रुपयांनी तिथला माणूस गरीब झाला नसता. तो थांबला, कारण दुकानदाराने त्याला विचारले. "पिशवी हवी का? पैसे पडतील," असे कुणी विचारले की माणूस क्षणभर विचार करतो, आणि पुढच्या खेपेला घरून पिशवी आणतो. फुकट वस्तूचा विचार कुणी करत नाही.

आणखी दोन गोष्टी तिथे केल्या, त्या आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या. एक, सुटी फळे-भाजी, मासे आणि मटण यांसाठी लागणाऱ्या लहान पिशव्यांना करातून सूट दिली. दुसरी, जमलेला पैसा दुकानदाराकडे ठेवला नाही. तो पर्यावरणाच्या कामासाठी काढलेल्या एका वेगळ्या सरकारी निधीत गेला.

इंग्लंडने जरा निराळी वाट धरली. तिथे ५ ऑक्टोबर २०१५ पासून एका पिशवीला ५ पेन्स, म्हणजे तेव्हाचे सुमारे पाच रुपये, आकारायला सुरुवात झाली. पण सक्ती फक्त ज्यांच्याकडे २५० किंवा जास्त नोकर आहेत अशा मोठ्या दुकानांना. कोपऱ्यावरच्या लहान दुकानदाराला आधी सुमारे साडेपाच वर्षे मोकळीक दिली. मे २०२१ मध्ये रक्कम १० पेन्स झाली आणि मगच सगळी दुकाने त्यात आली. पैसा दुकानाकडेच राहतो, पण तो चांगल्या कामाला द्यावा अशी अपेक्षा असते, आणि मोठ्या दुकानांना किती पिशव्या विकल्या याचा हिशेब सरकारला कळवावा लागतो. आकारणीच्या आदल्या वर्षी तिथली मोठी दुकाने ७०० कोटींहून अधिक पिशव्या वाटत होती. पुढे पाच वर्षांत मुख्य दुकानांतला खप ९५ टक्क्यांहून जास्त घटला.

सगळेच गोड झाले असे नाही. जाड, टिकाऊ म्हणून विकलेल्या पिशव्याही काही लोक दर खेपेला नवी घेऊ लागले. पैसे देऊन वाया घालवायची ज्याला सवय आहे, त्याला पैशाने आवर घालता येत नाही.

आपल्याकडचे कायदे

आपल्या देशातही हा विचार नवा नाही. ४ फेब्रुवारी २०११ च्या केंद्राच्या नियमांत स्पष्ट लिहिले होते की दुकानदाराने प्लॅस्टिकची पिशवी फुकट देऊ नये आणि तिची किमान किंमत नगरपालिकेने ठरवावी. २०१६ च्या नियमांनी हे कलम आणखी कडक केले. पिशवी द्यायची असेल तर विक्रेत्याने स्थानिक संस्थेकडे नाव नोंदवून महिन्याला निदान ४,००० रुपये भरावेत, अशी ती तरतूद होती. याच नियमांनी प्लॅस्टिकच्या कचऱ्याची जबाबदारी ग्रामपंचायतीवरही टाकली. पण महिन्याला चार हजार पाटीवर बसणारी बाई कुठून आणणार? हे कलम मार्च २०१८ मध्ये वगळण्यात आले.

त्यानंतर सरकारचा भर पिशवीच्या जाडीवर राहिला. जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. २०१६ मध्ये किमान ५० मायक्रॉन, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन. यामागचा हिशेब सोपा आहे. पातळ पिशवी वाऱ्याने उडते आणि तिला भंगारात भाव नाही, म्हणून कचरा वेचणाराही ती उचलत नाही. जाड पिशवी महाग पडते, म्हणून दुकानदार ती फुकट वाटत नाही. म्हणजे किंमत लावण्याचाच हा आडवाटेचा उपाय.

महाराष्ट्राचा अनुभव अधिक कडू आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी तुंबायला कारणे अनेक होती, पण गटारांत अडकलेल्या पिशव्या त्यांतले एक कारण ठरल्या. २००६ साली राज्याने ५० मायक्रॉनखालच्या पिशव्यांना मनाई केली. पुढे २३ मार्च २०१८ ला अधिसूचना काढून सगळ्याच प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आणली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्यांदा सापडल्यास ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,००० आणि तिसऱ्यांदा २५,००० रुपये व तीन महिन्यांची कैद.

बंदी कागदावर आहे आणि पिशवी बाजारात आहे, हे आपण दर आठवड्याला पाहतो. पण यातली विषमता ध्यानात घ्या. काचेच्या दाराचे दुकान कागदी किंवा कापडासारखी दिसणारी पिशवी देते, तिचे पैसे गिऱ्हाइकाकडून वसूल करते आणि कायद्यातही बसते. पाटीवरची बाई स्वतःच्या पैशाने पिशवी आणते, फुकट देते आणि वर पाच हजारांच्या दंडाची भीती तिलाच. दिवसाची कमाई पाचशे नाही आणि दंड पाच हजार!

कापडासारखी दिसणारी पिशवी असे मी मुद्दाम म्हटले. दुकानात मिळणारी ती रंगीत, न विणलेली पिशवी बहुधा प्लॅस्टिकच्याच तंतूंची असते. तिचा कोपरा विस्तवाला लावून पाहा. सुती कापड जळून राख होते, ही वितळून गोळा होते.

तीन रुपयांचा खटला

आता आमच्या रागाकडे वळू. आमच्यासारखाच राग चंदीगडमधल्या एका ग्राहकाला आला होता. २०१९ साली त्याने बाटाच्या दुकानातून ३९९ रुपयांचे बूट घेतले. बिल आले ४०२ रुपयांचे. तीन रुपये कागदी पिशवीचे, आणि पिशवीवर कंपनीचे नाव. तो ग्राहक मंचात गेला. पर्यावरणासाठी आम्ही असे करतो, असे कंपनीचे म्हणणे पडले. मंचाने विचार केला की पर्यावरणाची एवढी काळजी असेल तर पिशवी फुकट द्यायला हवी होती, आणि ग्राहकाच्या पैशाने आपली जाहिरात करून घेणे बरे नव्हे. तीन रुपये परत, ग्राहकाला मनस्तापाचे ३,०००, खर्चाचे १,००० आणि ग्राहकांच्या कायदेशीर मदतीच्या खात्यात ५,००० रुपये, असा हुकूम झाला.

पुढे अशीच काही प्रकरणे दिल्लीच्या राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगापर्यंत गेली. बिग बझार चालवणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात आयोगाने २२ डिसेंबर २०२० रोजी निकाल दिला. त्याचा मथितार्थ असा की दुकानात शिरण्याआधी आणि माल निवडण्याआधी ग्राहकाला कळले पाहिजे की इथे पिशवीला पैसे पडतील, किती पडतील आणि पिशवी कशी आहे. हे न सांगता पैसे देण्याच्या वेळी आयत्या वेळी किंमत लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

जाऊबाईंना मी हे वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "मी तरी दुसरं काय म्हणत हुते? आधी सांगायचं न्हाई का, एवढंच."

खरेच, आमचा राग दहा रुपयांवर नव्हता. आमची पिशवी दारात काढून घेतली आणि आत पिशवी विकली, यावर होता. घरून पिशवी आणणाऱ्याला पैसे पडू नयेत, हाच तर या आकारणीचा सगळा अर्थ. जिथे आणलेली पिशवीच अडवली जाते, तिथे पर्यावरणाचे नाव घेऊन एक जास्तीची वस्तू विकली, एवढेच होते.

अशी अडवणूक झाली तर भांडू नका. बिल जपून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन करून सल्ला घ्या. फोनला पैसे पडत नाहीत.

गाईच्या पोटातले बिल

एक बिल मात्र असे आहे की ते कुठल्याच काउंटरवर निघत नाही. ते आपल्या गोठ्यात निघते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरची गाय वैरण टाकू लागली. दूध आटले. पोट फुगे, उतरे, पुन्हा फुगे. काढे झाले, औषधे झाली. शेवटी डॉक्टरांनी डावी कूस उघडून पोटाचा पहिला कप्पा मोकळा केला. त्यातून निघालेल्या पिशव्यांच्या गुंत्याने एक घमेले शिगोशीग भरले. दोऱ्या, पिशव्या, पिशवीत गाठ मारलेली पिशवी. एकीवर कुठल्याशा दुकानाचे नाव अर्धवट दिसत होते, वाचता येत नव्हते. पाचव्या दिवशी गाय गेली.

डॉक्टरांनी समजावून सांगितले ते सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. गाय आधी भराभर गिळते आणि मग निवांत रवंथ करते. आपण उरलेला भात, भाजीची साले, खरकटे पिशवीत भरून गाठ मारून फेकतो. गाईला वास येतो, गाठ सोडता येत नाही, ती पिशवीसकट गिळते. प्लॅस्टिक पचत नाही आणि पुढेही सरकत नाही. वर्षानुवर्षे साठून त्याचा दोरखंडासारखा गुंता होतो. पोट भरल्यासारखे वाटते म्हणून जनावर खात नाही आणि उपाशीच खंगत जाते. चेन्नईच्या पशुवैद्यकीय विद्यापीठात ऑक्टोबर २०१९ मध्ये एका गाईच्या पोटातून तब्बल ५२ किलो प्लॅस्टिक काढले होते.

शेतात तीच कथा. उकिरड्यातल्या खताबरोबर पिशव्या रानात जातात. नांगराला गुंडाळतात, पाणी मुरू देत नाहीत, रोपाच्या मुळाला आडव्या येतात. पेटवून द्याव्यात तर विषारी धूर. शहरातल्या कुणी आठ आण्यांची पिशवी फुकट मागितली, दुकानदाराने आनंदाने दिली, आणि तिचे पन्नास-साठ हजारांचे बिल भरले दारात गाय बांधणाऱ्याने. त्या दिवशी घमेल्याकडे बघत जाऊबाई म्हणाल्या होत्या, "ह्याचं पैसं कुणाकडं मागायचं?"

पिशवीवर आकारणी करणे न्यायाचे की अन्यायाचे, हे ठरवताना हे घमेले डोळ्यांपुढे ठेवावे, असे मला वाटते. फुकट पिशवीचा खर्च कुणाला तरी पडतोच. जिथे आकारणी नाही तिथे तो न मागणाऱ्याला, मुक्या जनावराला आणि जमिनीला पडतो.

मग न्याय कोणता?

माझ्या मते पिशवीचे पैसे घेणे न्याय्य आहे, पण तीन अटींवर.

पहिली अट, आधी सांगा. दारावर ठळक मराठीत पाटी हवी, बिलाच्या शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात नव्हे.

दुसरी अट, सुटायला वाट ठेवा. घरची पिशवी आत नेऊ द्या, नाहीतर काउंटरपाशी आणून द्या. जी आकारणी टाळताच येत नाही, तिला सवय बदलण्याचे नाव देऊ नये. इथे रोजंदारीवरच्या माणसाचाही विचार हवा. कामावरून थेट येऊन हातावरचा किराणा घेणाऱ्याजवळ पिशवी असतेच असे नाही. मोटारवाल्याचे दहा रुपये आणि त्याचे दहा रुपये सारखे नसतात. त्याच्यासाठी परत देता येईल अशी अनामतीची पिशवी बरी. आज घेऊन जा, उद्या आणून दे, पैसे परत.

तिसरी अट, पैसा कुठे जातो ते दाखवा. आयर्लंडमध्ये तो सार्वजनिक निधीत जातो. आपल्याकडे तो दुकानाच्या गल्ल्यात जातो आणि तिथेच राहतो. दुकानाने स्वतःचे नाव छापलेली पिशवी विकून नफा करायचा असेल, तर त्याला पर्यावरणाचे काम म्हणू नये. तो पैसा गाव झाडायला, कचरा वेचणाऱ्यांना, जनावरांच्या दवाखान्याला गेला, तर देणाऱ्याचा हात आखडणार नाही.

अनामतीची कल्पना आपल्या सरकारलाही सुचली होती. २०१८ च्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर ती परत घेण्याची किंमत, निदान ५० पैसे, छापावी अशी तरतूद होती. पण रिकामी पिशवी देऊन आठ आणे घेऊन आलेला माणूस आमच्या गावात तरी मी अजून पाहिलेला नाही. नियम चांगला असला तरी तो चालवणारा लागतो.

आपल्या पाटीवर

आता उरला जाऊबाईंचा दुसरा प्रश्न. फुकट मागणाऱ्या गिऱ्हाइकाचे काय करायचे?

एकटीने नाही म्हटले तर गिऱ्हाइक पलीकडे जाते, हे आम्ही भोगले आहे. म्हणूनच तर कायदा लागतो. सगळ्यांना एकच नियम असला की चांगले वागणाऱ्याचे नुकसान होत नाही. पण कायदा येईपर्यंत शेजारणींचा एकोपा पुरतो. जाऊबाईंनी आमच्या ओळीतल्या सहा जणींना एकत्र बसवले. गाईची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होतीच. संक्रांतीनंतरच्या बाजारापासून कुणीच पातळ पिशवी ठेवायची नाही, असे ठरले.

बचत गटातल्या बायकांनी जुन्या लुगड्यांच्या आणि सुती साड्यांच्या पिशव्या शिवल्या. प्रत्येकीच्या पाटीला दहा-दहा पिशव्या आल्या. दहा रुपये अनामत, पिशवी परत आणली की दहा रुपये परत, असे पुठ्ठ्यावर लिहून समोर उभे केले. गिऱ्हाइकाने भाजी निवडायच्या आधीच तोंडानेही सांगायचे, ही जाऊबाईंची अट. "आपल्याला जे सोसलं, ते दुसऱ्याला नगं."

पहिल्या बाजारी माल उरला. मेथीच्या अकरा जुड्या घरी आल्या आणि दोन दिवस घरात मेथीच शिजली. सहांपैकी एकीने धीर सोडून पुन्हा पातळ पिशवी काढली. तिला कुणी बोल लावला नाही, तिच्या घरची ओढाताण आम्हांला माहीत आहे. दुसऱ्या-तिसऱ्या बाजारी मात्र नेहमीच्या बायका घरून पिशव्या घेऊन येऊ लागल्या. अनामतीच्या पिशव्यांपैकी निम्म्याअधिक परत आल्याच नाहीत. जाऊबाईंना त्याचे वाईट वाटत नाही. त्यांचे म्हणणे, शिलाई वसूल झाली, आणि ती पिशवी कुणाच्या तरी खुंटीला टांगली गेली असेल, उकिरड्यावर तर नाही.

तो मोटारसायकलवाला अजून पलीकडेच जातो. गेला तर जाऊ दे.

परवा पुन्हा तालुक्याला गेलो. त्याच दुकानाच्या दारात रखवालदाराने हात पुढे केला. जाऊबाईंनी पिशवी मागे घेतली आणि शांतपणे विचारले, "दादा, ही हितं ठिवते. पर आत पिशवीचं पैसं घेत्यात का, ते आधी सांग." तो जरा थबकला आणि म्हणाला, "घेतात मावशी. तुम्ही नको म्हणा आणि सामान तसंच दारापर्यंत आणा, मी इथं तुमच्या पिशवीत भरून देतो."

त्याने दिलेही भरून. त्या दिवशी बिलात पिशवीची ओळ नव्हती.